चिऱ्याचं बाक, पाठीला पुस्तक: उन्हाळ्यापुरतं वाचन-बाक कसं बांधावं

लंडनमध्ये २०१४ च्या उन्हाळ्यात उघड्या पुस्तकाच्या आकाराची पन्नास रंगवलेली बाकं शहरभर मांडली होती. तिथली बैठकही पुस्तकाचं पानच होती. कल्पना सुंदर आहे, पण आपल्याकडे ती जशीच्या तशी चालत नाही. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावणारी माणसं अक्षरांवर बसणार नाहीत. बसलीच तर अवघडून बसतील. म्हणून इथे दिलेल्या रचनेत बैठक वेगळी आणि पुस्तक वेगळं ठेवलं आहे. बैठक जांभ्या चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाच्या कापलेल्या ठोकळ्यांची, कायमची. पुस्तक सिमेंटचं, पाठ टेकायला, आणि पावसाआधी उचलून घरात नेता येईल असं. कोकणात या उचलून नेता येण्यालाही तितकंच महत्त्व आहे. रंगवलेली वस्तू जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवली की ऑक्टोबरात तिचं शेवाळलेलं भूत झालेलं असतं.

एका बाकाचं माप असं धरा: लांबी ६ फूट, बैठकीची खोली १८ इंच, जमिनीपासून उंची १६ इंच. बैठकीच्या मागे ४ इंच रुंदीची खाच, खाचेमागे ९ इंच रुंदीचा चिऱ्याचा कट्टा. पुस्तक ५ फूट रुंद आणि ३ फूट उंच. त्यातलं १४ इंच खाचेत उतरतं, २२ इंच वर दिसतं.

काम कधी सुरू करायचं

२३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत चाकरमानी गावाकडे निघतात. त्या तारखेला बाक उभं हवं असेल तर सिमेंटचं काम फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवं. कारण साधं आहे: ताज्या सिमेंटवर रंग टिकत नाही, त्याला २८ दिवस द्यावे लागतात. शिवाय शिमग्यात पालख्या फिरायला लागल्या की गवंडी मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याचं मन कामात नसतं. म्हणून फेब्रुवारीत पुस्तक ओतायचं, शिमगा होईस्तोवर ते पडवीत वाळू द्यायचं आणि शिमगा सरला की रंगवायला घ्यायचं. चिऱ्याची बैठक मार्चअखेरीस बांधली तरी चालते.

उतरवण्याची तारीखही आताच ठरवा. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच पोचला होता. २०२१ चं तौक्ते वादळ मेच्या मध्यावर कोकण किनाऱ्याजवळून गेलं. २०२० चं निसर्ग ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. तेव्हा मिरगाची वाट बघू नका. २० मेनंतर रोज हवामानाचा अंदाज बघा आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांच्या यादीत हे बाकही घाला.

जागा

माडाखाली नको. झावळी पडते, नारळ पडतो, आणि खाली मूल वाचत बसलेलं असतं. फळं धरलेला आंबा आणि फणस यांच्या खालीही नको. सुरूची सावली विरळ असते आणि काड्या सतत गळतात. उंडी, करंज, चिंच चांगली. वड-पिंपळाची सावली सर्वांत उत्तम, पण बाक बुंध्यापासून किमान दहा-बारा फूट दूर ठेवा, नाहीतर चार वर्षांत मुळं चिरे उचलतात. गावात वडाला आधीच पार बांधलेला असेल तर नवी बैठक बांधायचीच गरज नाही. पाराच्या कडेला फक्त खाच आणि मागचा कट्टा करा.

समुद्राकडे तोंड करून बाक ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. संध्याकाळी, म्हणजे लोक खरोखर बसतात त्या वेळी, पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यात आणि पानावर येतं. वाचता येत नाही. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, बांधकाम करूच नका. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू शकतात आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात नवीन पक्कं काम बहुधा अडतंच. वाचनालयाचं अंगण, शाळेचं आवार, ग्रामपंचायतीची मोकळी जागा, देवळाचं खळं (पुढचं अंगण) या जागा बऱ्या. तिथेही जागेच्या मालकाचं आणि ग्रामपंचायतीचं किंवा नगरपंचायतीचं लेखी ना-हरकत पत्र घ्या. एसटी स्थानकात करायचं तर आगार व्यवस्थापकाकडे अर्ज करावा लागतो, आणि गाडी वळते त्या बाजूला बाक नको. बाकाच्या एका अंगाला तीन फूट सपाट जागा मोकळी ठेवा, म्हणजे चाकाची खुर्ची बाजूला लावून बसता येतं.

चिऱ्याची बैठक

चिऱ्याचं माप खाणीप्रमाणे बदलतं. इथे १४ × ९ × ७ इंच धरलं आहे. गाडी उतरली की आधी दहा चिरे मोजा आणि फरक असेल तर लांबी त्याप्रमाणे जुळवा. चिरा तासून माप गाठण्यात गवंड्याचा अख्खा दिवस जातो. एका बाकाला पायाच्या थरासह ४८ च्या आसपास चिरे लागतात. वाहतुकीत कोपरे मोडतात म्हणून ५५ मागवा. चिरा निवडताना टिचकीचा आवाज ऐका: टणक चिरा खणखणतो, मऊ चिरा बद्द वाजतो. पांढरट मातीच्या गाठी असलेला चिरा बाजूला काढा. पहिल्या पावसात त्या गाठी वाहून जातात आणि भोकं राहतात.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खोदाई जवळजवळ लागत नाही, वरची माती खरवडली की पुरे. तांबड्या मातीत ९ इंच खोदा. वाळूच्या जमिनीत दीड फूट खोदून तळात दगडगोटे ठोकून बसवा. खड्डा साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद. त्यात पायाचा एक सलग थर, त्यावर दोन थर. पुढे ९ इंचांच्या दोन रांगा मिळून बैठक, मग ४ इंचांची खाच, मग एक रांग मागे. खाचेची दोन्ही टोकं चिऱ्याच्या तुकड्यांनी बंद करा आणि ते तुकडे दोन्ही बाजूंच्या रांगांत नीट गुंतवा. माणसं पाठ टेकतात तेव्हा सगळा जोर मागच्या रांगेच्या वरच्या कडेवर येतो. तुकडे नुसते मध्ये भरले असतील तर महिन्याभरात ती रांग मागे सरकते आणि सांध्यात केसासारखी चीर दिसू लागते. मसाला एकास पाच, म्हणजे एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू. चिरे लावण्याआधी ते पाण्याने चांगले भिजवा; कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो.

खाचेच्या तळाशी मागच्या रांगेतून एक इंची पाइपचा तुकडा बाहेरच्या बाजूला उतार देऊन घाला. हा पाइप विसरला तर वळवाच्या पहिल्या सरीत खाच भरते आणि आठवड्यात तिथे डास होतात. बांधून झाल्यावर पाइप विसरल्याचं लक्षात येणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. पाइप गवंड्याच्या हातात पहिल्या दिवशीच द्या.

बैठकीवर दीड इंच सिमेंट-वाळूचा थर आणि त्यावर लाल ऑक्साइडचा गुळगुळीत हात, जुन्या घरांच्या जमिनीला असतो तसा. दहा भाग सिमेंटला एक भाग ऑक्साइड, कोरडंच चाळणीतून तीनदा एकत्र करून मग पाणी. एकाच घाण्यात सगळ्या बैठकीचं मिश्रण करा, दोन घाणे झाले की दोन छटा दिसतात. पुढची कड गोलसर करा. काटकोनी कड मांडीमागे रुतते आणि तिचे टवकेही उडतात. चिऱ्याच्या उभ्या बाजूंना रंग देऊ नका. जांभा जमिनीतलं पाणी वर ओढतो, रंगाखाली ते अडतं आणि फोड येतात. तसाही उघडा चिराच देखणा दिसतो.

सिमेंटचं पुस्तक

हे फेरोसिमेंट आहे: बारीक सळ्यांचा सांगाडा, त्यावर दोन्ही बाजूंनी जाळी, आणि त्यात दाबून भरलेला दाट मसाला. एका पुस्तकाला लागणारं सामान:

८ मिमीची बारा मीटरची एक सळी (उभ्या ११ तुकड्यांसाठी)
६ मिमीची सळी १७ मीटर (आडव्या ७ ओळी आणि कडेची दुहेरी सळी)
अर्धा इंची कोंबडीजाळी, जस्त चढवलेली, ३ फूट पन्हा, २५ फूट लांब
बांधणीची तार १ किलो
सिमेंट १ पोतं, वाळू अडीच घनफूट

तयार पुस्तक सुमारे १३० किलो भरतं. सहा माणसं ते आरामात उचलतात.

खाडीची वाळू घेऊ नका, कितीही धुतलेली म्हणून सांगितली तरी. तिच्यातलं मीठ जाळीला आतून खातं. नदीची वाळू किंवा खडीयंत्राची कृत्रिम वाळू घ्या आणि अष्टमांश इंची चाळणीतून चाळा. मोठा खडा जाळीत अडकला की त्याच्यामागे पोकळी राहते. पाण्याचंही तेच. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळा चढेल तशा मचूळ होत जातात. सळी असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको, असं भारतीय मानक सांगतं. शंका असेल तर नळाचं किंवा आतल्या वाडीतल्या विहिरीचं पाणी टाकीत भरून आणा. सिमेंट स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) मिळालं तर उत्तम, कारण खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. मात्र ते सावकाश घट्ट होतं, म्हणून पाणी मारायचे दिवस वाढवा.

पुस्तक आडवं ओता, उभं नको. सावलीत, म्हणजे पडवीत किंवा खळ्यातल्या मांडवाखाली, ओल्या वाळूचा ढीग करून त्याला उघड्या पुस्तकाचा आकार द्या: मध्ये दरी, दोन्ही बाजूंना फुगवटा, बाहेरच्या कडेकडे उतार. फुगवटा दीड इंचापेक्षा जास्त नको. पुस्तकाची जाडी दीड इंच आणि फुगवटा दीड, असे तीन इंच चार इंचांच्या खाचेत मावायचे आहेत. उरलेल्या एका इंचात पुस्तक मागे कलतं करता येतं. आकार दोन्ही पानांवर सारखा यावा म्हणून फळीला ती वळणं कापून साचा करा आणि वाळूवरून ओढत न्या. त्यावर जाड प्लास्टिक अंथरा आणि सुरकुती राहू देऊ नका. सुरकुती मागच्या बाजूवर जशीच्या तशी उमटते, आणि मजकूर त्याच बाजूला येणार आहे.

आडव्या सळ्यांना साच्याप्रमाणे बाक द्या, उभ्या सरळ ठेवा. दोन्हींत सहा-सहा इंच अंतर. प्रत्येक छेदावर तार बांधा. मग जाळीचे दोन थर वर, दोन खाली, वरच्या थराची भोकं खालच्या थराच्या तारेवर येतील असे सरकवून. जाळी दर चार इंचांवर सांगाड्याला आवळा. फेरोसिमेंटचं काम बिघडतं ते बहुतेक इथेच. सैल जाळी मसाला भरताना वर उसळते, पृष्ठभागाच्या अगदी जवळ येते, आणि खाऱ्या वाऱ्यात दोन उन्हाळ्यांत त्या जागी गंजाचे तांबूस ठिपके फुटतात. वरून कितीही रंग दिला तरी ते पुन्हा येतात. जाळी आणि बाहेरचा पृष्ठभाग यांत सगळीकडे किमान ८ मिमी मसाला हवा.

मसाला एकास दोन. एका पोत्याला २० लिटरपेक्षा जास्त पाणी नाही. गवंडी म्हणेल की हे फार कोरडं आहे, थापी चालत नाही. त्याला पटवा. पातळ मसाला सोपा वाटतो, पण सुकताना आकसतो आणि मधल्या दरीत उभी चीर पडते. हाताने मुठीत दाबल्यावर गोळा राहावा आणि बोटांतून पाणी ठिबकू नये, इतकाच ओलावा पुरे.

आधी प्लास्टिकवर बोटाच्या जाडीपेक्षा थोडा कमी, म्हणजे दहा मिमी मसाल्याचा थर पसरा. त्यावर सांगाडा ठेवून दाबा, खालच्या मसाल्याने जाळीतून वर डोकवायला हवं. मग वरून अंगठ्याने आणि लाकडी थापीने मसाला दाबत भरा. एका टोकाने सुरू करून न थांबता दुसऱ्या टोकापर्यंत जा. दुपारच्या जेवणासाठी मध्येच थांबलात तर तिथे सांधा पडतो. दोन गवंडी आणि दोन गडी असले तर तीन तासांत काम होतं. सकाळी सातला सुरू करा.

वरची आणि दोन्ही बाजूंची कड दोन इंच जाड ठेवा. पानांची थप्पी तिथे दिसते आणि उचलताना हातही तिथेच धरता येतात. मसाला लावून दोन-तीन तासांनी, बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण चिकटत नाही अशा वेळी, कडेवर करवतीच्या जुन्या पात्याने आडव्या रेघा ओढा. रेघा अगदी समांतर नकोत. वाचून हाताळलेल्या पुस्तकाची पानं थोडी विसकटलेली असतात आणि तशीच ती इथेही छान दिसतात.

संध्याकाळी ओलं गोणपाट घाला. पुढचे चौदा दिवस ते सुकू द्यायचं नाही, स्लॅग सिमेंट असेल तर एकवीस. दिवसातून तीनदा पाणी. सातव्या दिवशी सहा जणांनी मिळून उलटा. कड धरून एकदम पालथं घालू नका; आधी लांबीच्या एका कडेवर उभं करा, खाली जुने टायर ठेवा, मग दुसरीकडे उतरवा. उलटल्यावर हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून बघा. जिथे बद्द आवाज येतो तिथे आत पोकळी आहे. ती जागा खरवडून त्याच मसाल्याने भरा. खणखणीत आवाजाची जागा सोडून द्या.

मजकूर

रंगाऱ्याला बोलावण्याआधी मजकूर ठरवा, त्याची परवानगी घ्या आणि शुद्धलेखन तपासा.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांच्या ओळी वापरायला कुणाची परवानगी लागत नाही; ते १९०५ साली गेले. पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. मात्र चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांचा मजकूर २०३६ अखेरपर्यंत वारसांच्या लेखी परवानगीनेच घ्यायचा. मुखपृष्ठावरच्या चित्राचा हक्क चित्रकाराचा वेगळा असतो, अनुवादाचा अनुवादकाचा वेगळा. लेखक मुक्त झाला म्हणून मुखपृष्ठ मुक्त होत नाही. म्हणून मुखपृष्ठाची नक्कल करण्याऐवजी गावातल्या मुलांकडून त्या पुस्तकावरचं नवीन चित्र काढून घेणं केव्हाही चांगलं. परंपरेने आलेल्या ओव्या, म्हणी, कोडी, गाऱ्हाणी (देवापुढे घालतात ती साकडी) यांना अडचण नाही आणि मालवणीतलं गाऱ्हाणं बाकावर फार शोभतं. देवाचं नाव असलेला मजकूर मात्र पाठ टेकतात त्या बाजूला घालू नका.

किती शब्द मावतात ते आधी मोजा. पुढच्या बाजूला पाठ घासते, त्यामुळे अक्षरं फक्त वरच्या ५ इंचांत: पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव, बस्स. खाली चित्र. मजकूर मागच्या बाजूला. तिथे सव्वा इंच उंचीचं अक्षर आणि ओळीला दोन इंच धरले तर एका पानावर आठ ओळी बसतात, एका ओळीत सोळा-सतरा अक्षरं. म्हणजे एका पानावर तीस शब्द ही मर्यादा. पन्नास कोंबले तर वाचायला कुणी थांबत नाही. मागचा कट्टा मुलांच्या गुडघ्याइतका असल्याने मजकूर त्यांच्या नजरेसमोर येतो. तोही विचार मजकूर निवडताना करा.

मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी ओळ अवश्य हवी: हे पुस्तक कोणत्या वाचनालयात मिळेल आणि ते किती ते किती उघडं असतं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत जुनी वाचनालयं आहेत आणि सुट्टीत आलेल्या मुलांना ती ठाऊक नसतात. ही ओळ लिहिली नाही तर बाकावर फोटो निघतात आणि पुस्तक कपाटातच राहतं. वाचनालयाला आधी विचारून त्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती तरी आहेत याची खात्री करा, आणि सुट्टीच्या महिन्यात दुपारनंतरही दार उघडं राहील असं बघा.

रंग

पुस्तक वाळलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून आठवडा थांबा. घाई केली की लोणा फुटतो, पांढरी भुकटी रंग ढकलून बाहेर येते.

फलकांसाठी वापरतात तो तेलाचा इनॅमल रंग इथे नको. सिमेंटमधल्या अल्कलीने त्याचा साबण होतो आणि सालं निघतात. बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक प्रायमर एक हात, त्यावर बाहेरच्या भिंतीचाच अॅक्रिलिक इमल्शन दोन हात. पानाचा रंग शुभ्र नको, उन्हात डोळे दिपतात. जुन्या कागदासारखा पिवळसर घ्या. चित्रासाठी छटा दुकानातून यंत्रावर करून घ्या. घरी स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंगद्रव) ओतून गडद केलेला रंग उन्हात उतरतो आणि कपड्यांना लागतो. गेरूचा तांबडा, पिवळी माती, काळा, हिरवा ऑक्साइड या छटा वर्षानुवर्षं टिकतात. भडक गुलाबी, केशरी, लिंबू रंग दोन उन्हाळ्यांत फिके पडतात, तेव्हा ते थोड्याच जागी वापरा.

प्रत्येक हात देण्याआधी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा. दुपारनंतर खारा वारा सुटला की पृष्ठभागावर मिठाचा थर बसतो. तो दिसत नाही, पण त्यावरचा रंग नखाने निघतो. काम सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात, आडोशाला.

अक्षरं सरळ हाताने काढू नका. मजकूर पूर्ण मापात कागदावर लिहा, अक्षरांच्या कडेने टाचणीने भोकं पाडा, कागद पुस्तकावर चिकटवा आणि पातळ फडक्याच्या पुरचुंडीत कोळशाची पूड घेऊन वरून थोपटा. ठिपक्यांची अक्षरं उमटतात. याच टप्प्यावर शाळेतल्या मराठीच्या बाईंना किंवा सरांना बोलावून वाचायला लावा. कोळसा पुसता येतो, रंग नाही. नेमकं काय बघायचं? ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, आणि ‘वाऱ्यावर’ ‘सुऱ्या’ यांतला आडवा र, ज्याचा रंगारी हमखास रफार करतो. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होऊन बाक उभं राहिलं तर ते महिनाभर सगळ्यांना दिसतं. ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे हवेत हेही आधी सांगा. एका फलकावर दोन वळणं मिसळली की अक्षर उसनं वाटतं.

रंग पूर्ण वाळल्यावर, म्हणजे आठवड्याने, वरून पारदर्शक लेपाचे दोन हात. पाण्यावर चालणारा, बाहेरच्या वापराचा, चमक नसलेला घ्या. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन जास्त कणखर असतो, पण दमट हवेत लावला की दुधाळ होतो आणि अक्षरांवर धुकं बसल्यासारखं दिसतं. तो लावायचाच असेल तर दव पूर्ण उडाल्यावर सुरू करून दुपारी दोनपर्यंत संपवा.

उभं करणं आणि उतरवणं

खाचेच्या तळाला दोन इंच जाडीचे कडाप्प्याचे दोन तुकडे ठेवा, पुस्तकाच्या दोन टोकांपासून फूटभर आत. पुस्तक त्यांवर उभं राहील आणि पाणी खालून निघून जाईल. दोन्ही चिऱ्यांच्या कडांवर जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या अंथरा, नाहीतर पुस्तक उतरवताना चिऱ्याचे टवके उडतात. सहा जणांनी पुस्तक सरळ वरून खाली सोडायचं. तळ पुढे सरकवा, वरची कड मागे कलू द्या. दीड इंचाचा कल पाठीला बरा वाटतो. मग खाचेत बारीक खडी भरा आणि वर समोरून चार, मागून चार लाकडी पाचरी ठोका. वाळू भरू नका. एका सरीनंतर ती दगडासारखी बसते आणि मेअखेरीस पुस्तक निघता निघत नाही. सिमेंट तर अजिबातच नाही.

बसवल्यावर तीन मोठ्या माणसांना एकदम पाठ टेकून रेलायला सांगा, आणि मागून दोघांना ढकलायला. पुस्तक हललं तर पाचर आणखी ठोका. पहिल्या आठवड्यात लाकूड वाळून पाचरी सैल होतात, त्यामुळे आठ दिवसांनी पुन्हा बघा.

काढताना आधी पाचरी, मग हाताने निघेल तेवढी खडी, मग दोन इंची कड धरून सरळ वर. हे काम करणाऱ्या सहा जणांची नावं आधीच लिहून ठेवा, कारण वादळाचा इशारा आला की माणूस आपल्या कौलांकडे आणि होडीकडे धावतो. पुस्तक वाचनालयाच्या व्हरांड्यात दोन फळ्यांवर उभं ठेवा, आडवं कधीच नाही. आडवं ठेवून वर पोती रचली की मधल्या दरीत चीर जाते. भिंत आणि पुस्तक यांत चार इंच जागा सोडा. रिकामी खाच खडीने काठोकाठ भरा आणि वर चिऱ्याचे तुकडे बसवा, बैठक पावसात तशीच वापरात राहते.

दिवाळीनंतर पुस्तक उन्हात काढून गोड्या पाण्याने धुवा. तांबूस ठिपके दिसले तर तेवढी जागा जाळीपर्यंत खरवडा, गंज तारेच्या ब्रशने काढा, गंजरोधक प्रायमर लावून एकास दोन मसाल्याने भरा. मजकूर बदलायचा असेल तर पूर्ण खरवडू नका. पारदर्शक लेप बारीक सँडपेपरने घासा, पानाच्या रंगाचे दोन हात द्या आणि नव्या कागदाला टाचणीने भोकं पाडायला घ्या.